बंगालची वारसास्थळं आणि बंगाली संस्कृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंगालला चार-पाच वेळा जाऊन आले, त्यावर थोडंफार लिहिलं आणि तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एखाद्या प्रश्नाचा धागा दुसरीकडे जात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. हे सगळं पश्चिम बंगालपुरतं आहे.

१. पहिल्यांदाच बंगालला जातोय. कोलकाता केलं की बंगाल झालं ना?

नाही. कोलकाता हे इंग्रजांच्या काळात वाढलेलं शहर आहे आणि ते फार आवडण्यासारखं आहे, पण बंगालचा जुना जीव जिल्ह्यांच्या गावांत आहे. बांकुडा जिल्ह्यातलं विष्णुपूर, भागीरथीकाठचं मुर्शिदाबाद, गंगेच्याच काठावरचं कालना आणि बीरभूममधलं शांतिनिकेतन यांतली निदान दोन ठिकाणं पदरात पाडून घ्या. वेळ अगदीच कमी असेल तर माझं मत विष्णुपूरला. व्हिक्टोरिया मेमोरियल (१९२१) देखणंच आहे, पण त्या धाटणीच्या इमारती आपण मुंबईत रोज बघतो. भाजलेल्या मातीत कोरलेलं अख्खं रामायण मात्र आपल्याकडे नाही.

२. विष्णुपूरला जायला आधी हावड्याला उतरावंच लागतं का?

लागत नाही, आणि बहुतेकांचा अख्खा दिवस इथेच वाया जातो. मुंबई किंवा पुण्याहून नागपूरमार्गे जाणाऱ्या गीतांजली, आझाद हिंद यांसारख्या गाड्या हावड्याच्या आधी खडगपूरला थांबतात. विष्णुपूर हे खडगपूर–मेदिनीपूर–बांकुडा–आद्रा या मार्गावरच आहे. खडगपूरला उतरून पुढची गाडी धरली की हावड्याला जाऊन परत मागे येण्याचा फेरा वाचतो. विमानाने आलात तर अर्थातच कोलकात्याहून सुरुवात.

३. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मे महिन्यांत विष्णुपूरची लाल माती अक्षरशः तापते आणि संध्याकाळी कालबैशाखीची वादळं उठतात. हिवाळ्याचा आणखी एक फायदा म्हणजे नोलेन गूड, खजुराच्या ताज्या रसाचा गूळ. तो थंडीतच मिळतो. त्याची 'संदेश' नावाची मिठाई खायला म्हणून हिवाळ्यात जाणारी माणसं आहेत, मी त्यांतलीच एक. दुर्गापूजेसाठी जायचं असेल तर हिशेब निराळा, तो प्रश्न १० मध्ये आहे.

४. आठ दिवस आहेत. क्रम कसा लावू?

विष्णुपूर दोन रात्री, मग गाडी करून दुर्गापूरमार्गे शांतिनिकेतन दोन रात्री. तिथून बोलपूर–नलहाटी–अजीमगंज असं रेल्वेने मुर्शिदाबाद दोन रात्री. उरलेले दोन दिवस कोलकात्याला, कारण परतीची गाडी किंवा विमान तिथूनच. कालना हवं असेल तर कोलकात्याहून लोकलने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथे १८०९ साली बर्धमानच्या राजाने बांधलेली १०८ शिवमंदिरं दोन वर्तुळांत आहेत, बाहेरच्या वर्तुळात ७४ आणि आतल्यात ३४. सुट्टीचे वार (प्रश्न ९) बघूनच आखणी करा.

५. विष्णुपूरची देवळं फोटोत सगळी सारखीच दिसतात. नेमकं बघायचं काय?

मलाही पहिल्या तासाभरात तसंच वाटलं होतं. दोन गोष्टी आधी लक्षात घेतल्या तर फरक दिसायला लागतो.

पहिली गोष्ट छपराची. बंगालच्या या गाळाच्या प्रदेशात चांगला दगड मिळत नाही. म्हणून विटा भाजल्या, विटांवर लावायला मातीची चित्रफलकं भाजली आणि आकार घेतला तो बांबूच्या झोपडीचा. पावसाचं पाणी झरकन उतरावं म्हणून झोपडीच्या छपराची कड धनुष्यासारखी वाकवतात, तीच कड या देवळांना आहे. अशा दोन झोपड्या एकमेकींना चिकटवल्या की झालं 'जोडबांगला'. छपरावर एक शिखर असेल तर एकरत्न, पाच असतील तर पंचरत्न. आपण ज्याला ऐटीत 'बंगला' म्हणतो, तो शब्दही मुळात या बांगला पद्धतीच्या घरावरूनच आला आहे. काही देवळं विटांची नसून जांभ्या दगडाची आहेत, उदाहरणार्थ १६५८ चं लालजी मंदिर. कोकणातल्या माणसाला तिथे एकदम घरी आल्यासारखं वाटेल.

दुसरी गोष्ट राजांची. विष्णुपूरचा मल्ल राजा वीर हंबीर याच्या माणसांनी वृंदावनहून येणाऱ्या बैलगाड्या धनाच्या आशेने लुटल्या आणि पेट्यांत निघाल्या वैष्णव पोथ्या, अशी गोष्ट सांगतात. पोथ्या शोधत आलेल्या श्रीनिवास आचार्यांनी राजालाच वैष्णव केलं. त्यानंतरची दीडशे वर्षं या घराण्याने राधाकृष्णाची देवळं बांधली.

आता क्रम. आधी हंबीरानेच १६०० च्या सुमारास बांधलेला रासमंच पाहा. हे देऊळ नाही. रासोत्सवात गावातल्या सगळ्या देवळांतल्या मूर्ती इथे आणून मांडत, आणि ही प्रथा १९३२ पर्यंत चालू होती. वर पिरॅमिडसारखं छप्पर, खाली कमानींच्या रांगा. मग १६४३ चं श्यामराय, पंचरत्न. त्याच्या भिंतीवरचं रासमंडल शोधा. मध्ये राधाकृष्ण आणि भोवती गोपींची वर्तुळं. मग १६५५ चं जोडबांगला. इथे शिकारी आहेत, नावांमधली युद्धं आहेत, शरपंजरी पडलेला भीष्म आहे. शेवटी १६९४ चं मदनमोहन मंदिर, इथे आजही पूजा चालते. हे उन्हं कलल्यावर, चारच्या सुमाराला करा. तिरपं ऊन पडलं की फलकांतली चित्रं उठून येतात, भर दुपारी ती सपाट दिसतात. 'सारखीच दिसतात' म्हणणारे बहुतेक सगळे दुपारी बारा वाजता गेलेले असतात.

रासमंचाचं तिकीट टाकून देऊ नका, ते पुढे श्यामराय आणि जोडबांगल्यालाही चालतं. गावात फिरायला टोटो घ्या. ई-रिक्षाला बंगालभर हाच शब्द आहे.

६. बंगाली लोकांना 'बर्गीं'चा राग आहे म्हणतात. मराठी असल्याचं सांगावं की नाही?

बिनधास्त सांगा, पण आधी इतिहास माहीत असू द्या, नाहीतर समोरचा सांगेल आणि आपण तोंड बघत बसू.

'बर्गी' हा आपलाच शब्द, बारगीर. सरकारी घोड्यावरचा स्वार तो बारगीर, स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपल्या पुस्तकांत ही चौथाईची मोहीम असते. तिकडच्या आठवणीत जळलेली गावं, लुटलेली कोठारं आणि गंगेपार पळालेली माणसं आहेत. गंगाराम नावाच्या तेव्हाच्याच कवीचं या स्वाऱ्यांवरचं बंगाली काव्य आहे आणि त्याचं नावच 'महाराष्ट्र पुराण'. अजूनही बंगाली आया म्हणतात त्या अंगाईचा अर्थ असा: बाळ झोपलं, आळी निवांत झाली, बर्गी देशात आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशाने भरू? माझ्या एका यजमानीणबाईंनी ती मला हसत हसत म्हणून दाखवली. चाल इतकी गोड आहे की अर्थ कळायला क्षणभर लागला, आणि कळल्यावर हसावं की नाही ते कळेना.

रघूजींचा सेनापती भास्करराम कोल्हटकर, तिकडे भास्कर पंडित. त्याने १७४२ मध्ये कटव्याजवळ दाईंहाटला थाटात दुर्गापूजा मांडली आणि नवाब अलीवर्दीखानाने ऐन पूजेत छापा घालून ती उधळली. १७४४ मध्ये बोलणीसाठी म्हणून मुर्शिदाबादजवळ मानकरा या गावच्या छावणीत बोलावून अलीवर्दीने त्याला मारलं. १७५१ च्या तहात बंगालने वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली तेव्हा स्वाऱ्या थांबल्या.

याच्या खुणा बघता येतात. विष्णुपूरला दलमादल नावाची प्रचंड लोखंडी तोफ आहे. बर्गी चालून आले तेव्हा राजा कीर्तनात दंग होता आणि स्वतः मदनमोहनाने ही तोफ डागली, असं गावकरी सांगतात. कोलकात्यात इंग्रजांनी याच भीतीने १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. तो पुरा झालाच नाही. पुढे बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' ही गल्ली मात्र आहे. गंमत पुढेच आहे. मल्ल राजांना वाईट दिवस आले तेव्हा मदनमोहनाची मूळ मूर्ती कोलकात्याच्या एका धनिकाकडे गहाण पडली आणि तिकडेच राहिली, असं सांगतात. तो धनिक बागबाजारचाच. मराठ्यांवर तोफ डागणारा देव शेवटी मराठ्यांच्या खंदकाशेजारी येऊन राहिला.

राग म्हणाल तर मला कुणी दाखवला नाही. चेष्टा मात्र होते. 'बर्गी एलो!' असं कुणी म्हटलं तर हसून चहा मागा.

७. मुर्शिदाबादचा हजारदुआरी हा सिराजउद्दौलाचाच राजवाडा ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की तिथे उभं राहूनही लोक सिराजचीच गोष्ट सांगतात. सिराज १७५७ मध्ये प्लासीच्या लढाईनंतर मारला गेला. हजारदुआरी १८२९ ते १८३७ या काळात नवाब नाझिम हुमायून जाह याच्यासाठी एका इंग्रज लष्करी अभियंत्याने बांधला, तेव्हा नवाबाकडे फक्त थाट उरला होता. दारं हजार, त्यांतली शंभर खोटी. आत संग्रहालय आहे, फोटो काढू देत नाहीत. समोरचा लांबलचक इमामबाडा १८४७ चा, आणि तो लोकांसाठी मोहरममध्ये उघडतात.

सिराज भेटायचा असेल तर नावेने भागीरथी ओलांडा आणि खुशबागेत जा. आजोबा अलीवर्दी आणि नातू सिराज तिथे एकाच छपराखाली आहेत. गर्दी नसते, झाडं पुष्कळ.

काटरा मशीदही चुकवू नका. शहराला आपलं नाव देणाऱ्या मुर्शिदकुली खानाने ती १७२३-२४ मध्ये बांधली आणि आपली कबर प्रवेशाच्या जिन्याखाली करायला लावली, येणाऱ्यांची पावलं आपल्यावरून जावीत म्हणून. हा माणूस जन्माने दख्खनचा ब्राह्मण, लहानपणी विकला गेलेला, असं इतिहासकार मानतात. मशिदीचे घुमट १८९७ च्या भूकंपात पडले.

८. शांतिनिकेतनात आत फिरू देतात का? लोक वेगवेगळं सांगतात.

कारण नियम बदलत गेले. शांतिनिकेतन २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, पण ते चालतं विद्यापीठ आहे. आश्रम परिसरात पूर्वीसारखं मनाला येईल तिथे भटकता येत नाही. निघण्याआधी विश्वभारतीकडे, म्हणजे त्या विद्यापीठाकडे, त्या वेळची व्यवस्था विचारा. रवींद्रनाथांच्या घरांचा समूह, उत्तरायण, आणि तिथलं संग्रहालय तिकीट काढून बघता येतं. मातीचं 'श्यामली' घर बघाच, छपरासकट माती. उपासनागृह म्हणजे काचेचं मंदिर, त्यात मूर्ती नाही, हे आईबाबांना आधी सांगून ठेवा. माझ्या आईने हात जोडले आणि मग 'देव कुठंय?' म्हणून इकडेतिकडे बघितलं.

होळीचा वसंतोत्सव बघायला जाणार असाल तर थांबा. विश्वभारतीने तो बाहेरच्यांसाठी गेली काही वर्षं बंद केला आहे.

९. कुठे कोणत्या वारी बंद असतं?

हजारदुआरी शुक्रवारी. विश्वभारती बुधवारी. कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम आणि जोडासाँकोची ठाकुरबाडी (रवींद्रनाथांच्या घराण्याचा वाडा) सोमवारी. कालीमंदिरांना सुट्टी नाही, उलट मंगळवारी आणि शनिवारी तुफान गर्दी.

१०. दुर्गापूजेला जायचं आहे, पण आमचे नवरात्राचे उपवास असतात. कसं जमेल?

उपवास तुमचा तुम्ही करा, कुणी अडवणार नाही, पण आजूबाजूला उपवासाचं वातावरण असेल ही अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे देवी घटी बसते. तिकडे उमा लेकरांना घेऊन चार-पाच दिवसांसाठी माहेरी येते. माहेरवाशीण आली की घरात काय शिजतं? तेच तिकडे शिजतं, मटणासकट. आपल्या गौरी आठवा, काही घरांत त्यांनाही सामिष नैवेद्य असतो. मग फारसं नवल वाटणार नाही.

मुख्य दिवस षष्ठी ते दशमी. अष्टमीच्या सकाळी उपाशीपोटी अंजली द्यायची, मग मंडपात भोग खायचा, खिचुडी आणि लाबडा म्हणजे मिश्र भाजी. तो शाकाहारी असतो. अष्टमी-नवमीच्या संधिकालात १०८ दिवे लावून संधिपूजा होते. काहीच जमलं नाही तरी ती चुकवू नका. रात्रीची मंडपांची गर्दी मात्र आपल्या अनंत चतुर्दशीला लाजवणारी. पहाटे चारला निघून बघा, रोषणाई असते आणि माणसं झोपलेली असतात. राहण्याची जागा चार-पाच महिने आधीच घ्या.

मूर्ती घडताना बघायच्या असतील तर पूजेच्या महिनाभर आधी कोलकात्यातल्या मूर्तिकारांच्या वस्तीत, कुमारटुलीत जा. पूजेच्या दिवसांत तिथे काही उरलेलं नसतं.

११. जुन्या घराण्यांच्या पूजेत बोलावणं नसताना जाता येतं का?

बऱ्याच ठिकाणी येतं. शोभाबाजार राजबाडीची पूजा १७५७ पासूनची, बडिशाच्या सावर्ण रायचौधुरींची त्याहून जुनी, १६१० ची. ठाकुरदालानापर्यंत, म्हणजे पूजेच्या दालनापर्यंत, कुणीही जाऊ शकतं. पण ते लोकांचं घर आहे. जिना चढून वर जायचं नाही, घरातल्या बायकांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत. दशमीच्या सिंदूरखेळात त्या घरच्या सुवासिनींनी ओढलं तर जा, आपणहून थाळीत हात घालू नका. सहज मिसळायचं असेल तर सार्वजनिक मंडप बरे.

१२. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

मुळीच नाही. लुची-आलूर दम, नारळाचे तुकडे घातलेली छोलार डाल, कडवट शुक्तो, छानार डालना, खसखशीतले बटाटे म्हणजे आलू पोस्तो. बांकुडा-बीरभूमकडे पोस्तो रोजचं.

सावध राहायचं ते इथे. 'भाजीच आहे' म्हणून दिलेल्या कोबीत किंवा मुगाच्या डाळीत माशाचं डोकं असू शकतं, तिकडे तो पदार्थाचा मान आहे. आमच्या मावशीच्या ताटात तो डोळा उघडा ठेवून आला होता. म्हणून 'व्हेज' म्हणू नका, 'निरामिष' म्हणा, त्यात कांदा-लसूणही नसतो. आता खरी मेख: कालीच्या प्रसादाचं बोकड कांदा-लसणाशिवाय रांधतात आणि त्याला 'निरामिष मांशो' म्हणतात! तेव्हा 'माछ-मांशो-डिम खाई ना' हे पूर्ण वाक्यच पाठ करा.

१३. कालीघाटला बळी देतात म्हणे. मुलांना घेऊन जावं का?

बोकडाचा बळी आजही दिला जातो, वेगळ्या आवारात. मुलं लहान असतील तर दक्षिणेश्वर निवडा. राणी रासमणींनी १८५५ मध्ये बांधलेलं हे देऊळ प्रशस्त आहे, मेट्रो दारापर्यंत जाते आणि पलीकडे नावेने बेलूर मठ गाठता येतो. कालीघाटला गेलात तर दक्षिणा पंड्याशी आधीच ठरवा.

१४. 'खरे' बाउल कुठे ऐकायला मिळतील?

बाउल म्हणजे बंगालचे हिंडते भक्तिगायक. शांतिनिकेतनजवळ सोनाझुरीच्या हाटात, म्हणजे बाजारात, झाडाखाली गातात ते खोटे असं मी म्हणणार नाही, तेही पोटासाठीच गातात. पण रात्रभर ऐकायचं असेल तर मकरसंक्रांतीला अजय नदीकाठी जयदेव केंदुलीच्या मेळ्यात जा. आखड्या-आखड्यांतून गाणं चालू असतं, राहायची सोय यथातथाच, थंडी मात्र भरपूर. एकतारी आणि 'देव देहातच आहे' हा सूर वारकऱ्याच्या कानाला परका वाटणार नाही. गाणं झाल्यावर समोरच्या कापडावर पैसे ठेवा.

१५. विकत काय घ्यावं? बालुचरी अस्सल कशी ओळखायची?

बालुचरी ही रेशमी साडी, तिचं मूळ मुर्शिदाबादेतल्या बालुचरचं. तिथली कला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपली आणि १९५० च्या दशकात ती विष्णुपूरला पुन्हा उभी राहिली. पदरावर महाभारतातले प्रसंग रेशमाने विणलेले असतात, जरीने विणले की ती स्वर्णचरी. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे दुकानाऐवजी विणकराच्या घरी जाणं. एका साडीला आठवडाभर किंवा जास्त लागतो हे डोळ्यांनी बघितलं की हजार-दीड हजारात मिळणारी बालुचरी काय असेल ते आपोआप कळतं.

विष्णुपूरलाच दशावतार ताश मिळतात, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, एकूण १२०. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यातही हाच दशावतारी हिशेब. मातीचा उंच मानेचा घोडा हवा तर पांचमुड्याला जा, घडवणारे कुंभार तिथले. लहान घ्या, मोठ्याची मान प्रवासात मोडतेच.

१६. पटचित्र बघायला नया गावी जाणं शक्य आहे का?

आहे. पश्चिम मेदिनीपूरमधल्या पिंगला भागातलं हे पटुआंचं, म्हणजे पटचित्रं काढणाऱ्यांचं गाव. ते गुंडाळी उलगडत चित्र दाखवतात आणि त्यावरचं गाणं गातात, अगदी पिंगुळीच्या चित्रकथीसारखं. बहुतेक घरं मुसलमान, आडनाव चित्रकार, आणि चितारतात नागदेवी मनसा, दुर्गा, रामायण. फुकट गाणं ऐकून निघू नका, छोटासा पट तरी घ्या.

१७. भाषेचं काय? हिंदीवर भागेल का?

शहरात भागतं, गावात अर्धवट. 'दादा', 'दीदी' म्हणून सुरुवात केली की निम्मं काम होतं. पण वयस्कर बाईंना प्रेमाने 'काकू' म्हणू नका, बंगालीत काकू म्हणजे काका! काकूला 'काकीमा'. 'चूल' म्हणजे केस. पाणी पितात तसं नाही, 'जोल' खातात. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'आशि' म्हणायचं, म्हणजे आपलं 'येतो'. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.